तुम्ही विचारलंत म्हणून: गणित सापडतं की रचलं जातं?

गणित शिकवतो म्हटलं की कुणीतरी हमखास विचारतं, "सर, गणित आधीपासून असतंच आणि माणसाला ते सापडतं, की माणूसच ते रचतो?" मी उत्तराला 6174 घेतो.

डहाणूला 1905 साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते. ही संख्या त्यांनी 1949 मध्ये पुढे आणली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. अंक कमी पडला तर डावीकडे शून्य धरा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 येतं आणि मग हलत नाही. कापरेकरांचं जन्मवर्षच घ्या: 1905 वरून 9351, 8172, 7443, 3996, 6264, 4176 आणि सातव्या खेपेला 6174.

ही रीत माणसाने रचली, यात वाद नाही. दशमान पद्धतही आपलीच. पाच पाया घेतला, म्हणजे फक्त 0 ते 4 हेच अंक वापरून संख्या लिहिल्या, तर 6174 चा मान जातो, तिथे 3032 स्वतःकडे परत येतं. मूळ संख्यांचं तसं नाही, सात कोणत्याही पायात लिहा, मूळच राहतो. म्हणून 6174 ला विश्वाचं रहस्य म्हणणं मला पटत नाही. पण रीत एकदा ठरली की पुढचं कुणाच्याच हातात नव्हतं, अगदी कापरेकरांच्याही.

मला खरी ओढ आहे ती यापुढची. संगणक सगळ्या संख्या क्षणात तपासून देतो. ती सिद्धताच झाली, तरी मन "पण का?" म्हणत राहतं. मग अक्षरं मांडावीत. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक क्ष, मधल्या दोघांतला य. वजाबाकी नेहमी 999क्ष + 90य इतकीच येते! क्ष 6 आणि य 2 घातले की 6174. य कधीच क्षपेक्षा मोठा नसतो, म्हणून जोड्या होतात फक्त 54. जवळजवळ नऊ हजार संख्या पहिल्याच वजाबाकीत एवढ्याशा जागेत येतात. खात्री आधीही होती, समजायला लागतं ते इथे. हे समजणं मात्र आपलं, माणसाचं, असं मी मानतो.

तीन अंकांना 495 आहे. दोन अंकांत 9, 81, 63, 27, 45 आणि पुन्हा 9, नुसता फेरा. हे फळ्यावर लिहिलं की वर्गातून लगेच येतं, "मग पाच अंकी?" त्याचं उत्तर मी सांगत नाही, वह्या उघडायला लावतो.