काकूंच्या वाडीतला आंबा

उन्मळून पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा जास्त धोक्याचं असतं, हे सांगून कुणाला पटत नाही. पडायचं ते पडलं, आता काय व्हायचंय, असंच माणसाला वाटतं. पण मुळांचा गड्डा मातीसकट उचकटून वर आलेला असतो, खाली खड्डा असतो, आणि तो गड्डा वर तोलून धरलेला असतो तो फक्त आडव्या खोडाच्या वजनाने. खोड कापलं की वजन गेलं. मग काही टनांचा बुंधा झटक्यात खड्ड्यात परत बसतो. त्या वेळी तिथे कुणी उतरलेलं असेल तर त्याला बाहेर यायला वेळच मिळत नाही. 'निसर्ग' वादळानंतर श्रीवर्धन तालुक्यातल्या वाड्यांमध्ये मशीन घेऊन फिरताना मी हे भेटेल त्याला सांगत होतो. तरी लोक गड्ड्याखाली शिरून नारळ वेचायचे.

वादळ ३ जून २०२० रोजी दुपारी दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. माझं बॅकहो मशीन, लोक ज्याला जेसीबी म्हणतात ते, तेव्हा माणगावच्या बाजूला उभं होतं. लॉकडाऊनमध्ये ऑपरेटर त्याच्या गावी निघून गेलेला, त्यामुळे सीटवर मीच. आधी रस्ते मोकळे केले. वीज नव्हती, फोन लागत नव्हते, डिझेल कॅनने आणावं लागत होतं. रस्ते झाल्यावर लोक हात धरून वाडीत न्यायला लागले.

घाटावरच्या माणसाला वाडी म्हणजे काय ते सांगायला हवं. घराच्या मागच्या दारापासून लांबट पट्टा सुरू होतो. दाटीने लावलेल्या पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, मधूनमधून माड, त्यांच्या सावलीत केळी, जायफळ, पोफळीवर चढवलेले मिरीचे वेल, आणि या सगळ्यातून फिरवलेला विहिरीच्या पाण्याचा पाट. कुणाची दहा गुंठे, कुणाची पंधरा. चारी बाजूंनी जांभ्या दगडाचा गडगा. आत जायची पाखाडी पाच फुटांची आणि माझं मशीन आठ फुटांचं. म्हणजे आत शिरायचं तर गडगा फोडायचा आणि वाटेत जे काही वादळातून उभं राहिलंय ते पाडायचं. जीपमधून येऊन "जेसीबी लावा आणि साफ करून घ्या" असं सांगून पुढे जाणाऱ्या साहेबांना ही साधी गोष्ट कधी दिसली नाही. वाडी म्हणजे त्यांना मोकळा प्लॉट वाटत होता.

त्यात पंचनामा. पंचनामा होईपर्यंत पडलेलं झाड हलवायचं नाही, या धास्तीने लोक बसून होते. फोटो काढून ठेवा म्हणावं तर फोनला चार्जिंग नाही. तलाठ्याला मी दोष देत नाही, एकट्या माणसाच्या गळ्यात कितीतरी गावं होती. दोष मापाचा होता. फळबागेच्या मदतीचा दर हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केला, तेव्हा ऐकायला बरं वाटलं. पण हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. गुंठ्याला पाचशे रुपये झाले. दहा गुंठ्यांच्या वाडीवर घर चालवणाऱ्याला पाच हजार. पुढे ओरड झाल्यावर झाडागणिक मदत ठरली, माडाला २५० आणि पोफळीला ५० रुपये. पोफळ फळावर यायला सहा-सात वर्षं लागतात आणि पुढे ती चाळीस वर्षंसुद्धा देत राहते.

आता ज्या वाडीबद्दल लिहायचंय तिच्याकडे येतो. बारा गुंठ्यांची. मालकीण सत्तरीच्या, सगळं गाव त्यांना काकू म्हणायचं, मीही म्हणू लागलो. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा मुंबईत अडकलेला. व्यवहार बघत होता त्यांचा पुतण्या, लॉकडाऊनमध्ये नोकरी थांबली म्हणून गावी आलेला. वाडीत दीडेकशे पोफळी आडव्या, त्यातल्या बऱ्याच कमरेत मोडलेल्या. माड पंधरा-वीस. आणि या सगळ्यावर मागच्या कोपऱ्यातला रायवळ आंबा. दोघांनी कवेत घेतला तरी हातांना हात लागणार नाहीत असं खोड. तो पाटावर पडला होता, शेंडा वाडीच्या मध्यावर, आणि गड्डा उभा राहिलेला माझ्या केबिनच्या टपाइतका उंच. त्या गड्ड्याच्या खड्ड्यापासून विहिरीचा काठ जेमतेम सहा फुटांवर.

पुतण्या म्हणाला, "सरसकट ढकला. बांधाला ढीग लावा. पाऊस लागायच्या आत रोपं लावायची आहेत." त्याचं म्हणणं वेडंवाकडं नव्हतं. माडाची खोडं आणि शेंडे वाडीत कुजत राहिले की त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि जे चार माड वाचलेत त्यांच्या सुईत, म्हणजे शेंड्यातल्या कोवळ्या कोंबात, शिरतो. हे त्याने कृषी सहायकाकडून ऐकलं होतं आणि ते खरं आहे. घाई करण्याला कारण होतं.

काकू एवढंच म्हणाल्या, "जायफळांना धक्का लागायचा नाही."

आंब्याच्या फांद्यांखाली तीन जायफळं होती. वाकलेली, एक चिरफाळलेलं, पण मुळं जागेवर. बी रुजवून लावलेलं जायफळ नर निघेल की मादी, हे फुलावर आल्याशिवाय कळत नाही आणि फुलायला सहा-सात वर्षं लागतात. त्यांच्या यजमानांनी बरीच रोपं लावली होती, फुलल्यावर नर काढून टाकले. राहिलेली तीनही फळं देणारी. वाडीच्या वरखर्चाला तोच पैसा होता.

शेजाऱ्याने त्याच्या बाजूचा गडगा उघडायला परवानगी दिली. ही परवानगी किती मोठी होती ते गडगा रचणाऱ्यालाच कळेल. तरी वाटेत चार पोफळी उभ्या होत्या. वादळातून वाचलेल्या, शेंडा शाबूत. पुतण्या म्हणाला, "दीडशे गेल्या, चारांचं काय घेऊन बसलात!" काकू म्हणाल्या, "त्या वाऱ्याने पाडल्या. या आपण पाडणार." मग उठून त्या स्वतः वाटेवर आल्या, जागा बघितली, आणि कुठल्या चार ते बोटाने दाखवलं. मी सांगितलेल्या वाटेपेक्षा त्यांची वाट थोडी तिरकी होती. वळण कठीण होतं, पण तिच्यात पोफळी तेवढ्याच जात होत्या आणि पाटाचा मोठा तुकडा वाचत होता. मी मशीन तसंच घेतलं.

माड आणि पोफळी काढणं हे कष्टाचं काम, डोक्याचं नाही. माडाच्या खोडाला कटरची, म्हणजे लाकूड कापायच्या यंत्राची, चेन लगेच बोथट होते, त्यात सालीत वाळू भरलेली. कटरवाला म्हसळ्याकडचा तरुण पोरगा होता, दर दोन-तीन खोडांनी कानस घेऊन बसायचा. तुकडे झाले की साखळी लावून मी ते रस्त्याच्या कडेला ओढत होतो. शेंडे वेगळे, ते जाळायला. पोफळीची चांगली खोडं काकूंनी बाजूला काढायला लावली. ती चिरून पन्हळी होतात, मांडवाला उभी करता येतात.

आंब्याला मात्र मी सगळ्यांना लांब बसवलं.

पडलेलं खोड सगळीकडून सारखं नसतं. दोन ठिकाणी टेकलेलं असेल तर मध्ये वरून दाबलेलं आणि खालून ताणलेलं असतं. एकाच टोकाला टेकलं असेल तर उलट. दाबाच्या बाजूने आधी थोडा काप घ्यायचा आणि मग ताणाच्या बाजूने. उलट केलं तर कटरची पट्टी लाकडात अडकते, नाहीतर खोड फाटून उसळतं. त्या पोराला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण हाताने तो फांदी दाबून बघायचा, कानाने ऐकायचा आणि बरोबर बाजू धरायचा. रस्त्यावर आमच्याबरोबर काम केलेल्या ठेकेदाराच्या माणसांपेक्षा तो सरस होता, आणि मजुरी त्याला त्यांच्या निम्मी मिळत होती. शेंड्याकडून फांद्या एकेक हलक्या करत आम्ही जायफळांपर्यंत आलो. तिथे मशीनचा मागचा बकेट फांदीखाली धरायचा, वजन घ्यायचं, मग त्याने काप मारायचा, आणि फांदी जायफळाच्या अंगावरून उचलून बाहेर ठेवायची. सीट उलटी फिरवून, लिव्हरवर बोटांच्या टोकांनी काम. या मशीनला लोक फक्त उकरायचं यंत्र समजतात. माणूस चांगला असेल तर त्याच बकेटने अंगणातली तुळस न हलवता शेजारची फरशी उचलता येते.

राहिला बुंधा. काकूंनी विचारलं, "हा परत बसेल का?"

बसेल की नाही हा प्रश्न त्यांनी झाडाच्या मायेने विचारला असेल. माझ्या डोक्यात विहीर होती. गड्ड्याची एका बाजूची मुळं अजून जमिनीत होती आणि ती विहिरीच्या दिशेने गेलेली. गड्डा ओढून बाहेर काढला असता तर ती मुळं काठाची माती घेऊन आली असती, आणि आतून जांभ्या चिऱ्याने बांधलेली विहीर त्या बाजूने सुटली असती. झटक्याने खाली बसू दिला तरी काठाला हादरा बसणारच. एकच मार्ग होता, गड्डा धरून हळूहळू खाली सोडायचा. पुतण्याला मी हे सांगितलं. तो मशीनचे तास मोजणाऱ्या मीटरकडे बघत होता. मला त्याचा राग आला नाही. पैसा त्याच्या काकूंचा जात होता.

पावसाने वाळूची जमीन भुसभुशीत झाली होती. मशीन स्थिर ठेवणाऱ्या स्टॅबिलायझरच्या पायांखाली जाड फळ्या घातल्या. मशीन विहिरीच्या उलट बाजूला घेतलं. खड्ड्यातले सुटे दगड आणि तुटलेल्या मुळ्या लांब दांड्याच्या कोयत्याने बाहेरूनच काढायला लावल्या, आत कुणाला उतरू दिलं नाही. बुंध्याला जुन्या टायरचे तुकडे गुंडाळून त्यावरून साखळी, साखळी बकेटला, आणि तिची ढील पूर्ण काढली. मग मुळापासून सात फुटांवर काप. शेवटची दोन बोटं लाकूड राहिलं तेव्हा पोराला म्हटलं, कापून झालं की कटर तिथेच सोडून बाजूला पळायचं. त्याने तसंच केलं. खोड सुटलं, साखळीने दण् करून ओढ घेतली, मशीनची एक बाजू फळीसकट खाली गेली आणि थांबली. गड्डा जागच्या जागी लोंबकळत होता. तिथून तो खाली सोडायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. बोटभर सोडायचा, थांबायचा, विहिरीच्या काठावर उभ्या केलेल्या शेजाऱ्याकडे बघायचं, त्याने हात हलवला की परत बोटभर. बसला तेव्हा आवाजही झाला नाही. काठाचा एक चिरा हलला नव्हता.

पोकळ्यांमध्ये माती सारली, धुमसाने ठोकली, कापावर दुसऱ्या दिवशी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायला सांगितली. जायफळांना पोफळीच्या खोडांचे टेकू दिले.

हिशोब मला अजून टोचतो. नुसती साखळी लावून आंबा ओढून काढला असता तर तासाभराचं काम होतं. तसं न केल्यामुळे दुपार गेली. हेक्टरी दराने काकूंच्या बारा गुंठ्यांना सहा हजारांच्या आसपास बसत होते, आणि मशीनचे तास, कटरवाला आणि डिझेल मिळून ते सहजच संपत होते. मी कमी घ्यायला तयार होतो. त्यांनी मीटरप्रमाणे मोजून दिले आणि त्यावर बोलू दिलं नाही. शेजारच्या एका वाडीत मोठं पोकलेन गेलं आणि दिवसभरात जमीन सपाट झाली. पाट मोडला, त्या वर्षी पाणी साचून राहिलं, पण रोपं त्याच पावसात लागली. आज ती पोफळ काकूंच्या वाडीतल्या नव्या लावणीपेक्षा उंच आहे. पुतण्या भेटला की हेच दाखवतो, आणि म्हणतो, त्या पैशात शंभर रोपं आली असती.

रोपांचा हिशोब त्याचा बरोबर आहे. जायफळांचा नाही. चिरफाळलेलं एक वाळलं, दोन जगली आणि फळं देतायत. त्यांच्या जागी नवी लावली असती तर आत्ता कुठे नर कुठला आणि मादी कुठली एवढं कळायला लागलं असतं. आंब्याला पहिल्याच पावसाळ्यात फुटवे आले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हाही बुंधा हलला नाही, वारा धरायला वर फांद्याच नव्हत्या. फळ अजून धरलेलं नाही, धरेल का तेही माहीत नाही. आंब्यावर घातलेला वेळ योग्य होता का, हे मला आजही ठरवता येत नाही. मी पुतण्याला विहीर दाखवतो. तो म्हणतो, ढासळली असती तर बांधून घेतली असती. आतून चिऱ्याची विहीर बांधणारा गवंडी आज त्या गावात कोण उरलाय, असं मी विचारलं. त्याने एक नाव घेतलं, मग स्वतःच म्हणाला की ते आता काम करत नाहीत. काकूंनी वीज आल्यावर त्याच विहिरीवर पंप बसवला आणि त्या वर्षीची रोपं त्याच पाण्यावर जगली.