चार केंद्रं, सहा दिवस: दादासाठी व्यसनमुक्ती केंद्र शोधताना

दादा तयार झाला तो एका पहाटे, स्वतःहून. हात इतके थरथरत होते की त्याला कप धरवत नव्हता. वहिनीला तो एवढंच म्हणाला, "मला कुठंतरी ने." हे "कुठंतरी" म्हणजे नेमकं कुठं, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. चौदा वर्षं आम्ही त्याने दारू सोडावी म्हणून भांडलो, पण तो हो म्हणाला तर पुढे काय, हा विचार एकदाही केला नव्हता.

त्यानंतरच्या सहा दिवसांत मी आणि वहिनी राज्यातली चार व्यसनमुक्ती केंद्रं प्रत्यक्ष पाहून आलो. आमच्यासारखंच कुणी आज रात्री फोनवर केंद्रं शोधत बसलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

निघण्याआधी आम्ही नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, ते फार बरं झालं. आमचा बेत असा होता की दादाची दारू त्याच दिवशी बंद करायची आणि काकांना त्याच्याजवळ बसवून आपण निघायचं. डॉक्टरांनी तो मोडून काढला. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली की सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना डिलिरिअम ट्रेमेन्स होतो: भास, ताप, माणसं न ओळखणं, नाडी बेफाम धावणं. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जातो. दादाला पूर्वी एकदा फिट येऊन गेली होती, त्यामुळे त्याचा धोका आणखी जास्त. "जागा मिळेपर्यंत घरच्या घरी एकदम बंद करू नका, आणि भास किंवा फिट दिसली तर केंद्र शोधत बसू नका, सरळ इमर्जन्सीत न्या," असं त्यांनी बजावलं. आपल्या माणसाला दारू मिळते आहे हे माहीत असताना घराबाहेर पडायचं, हे वहिनीला फार जड गेलं. तरीही त्या सहा दिवसांत तेच बरोबर होतं.

इंटरनेटवर मिळालेल्या नंबरांबद्दल आधी सांगते. त्यातला पहिलाच नंबर एका गोड आवाजाच्या माणसाने उचलला. दादाचं वय विचारायच्या आधी त्याने विमा आहे का आणि पैसे कोण भरणार हे विचारलं. तो कुठल्याच केंद्रातला नव्हता. पेशंट पाठवून कमिशन घेणारा मध्यस्थ होता. तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न ठरून गेला: "हा फोन नेमका कुठल्या इमारतीत वाजतोय? तुम्ही तिथेच आहात का?" मग आम्ही राज्याच्या आरोग्य विभागाकडची परवानाधारक केंद्रांची यादी घेतली आणि अकरा ठिकाणी फोन केले. चार उरली. परवाना असणं म्हणजे चांगलं असणं नव्हे, पण परवान्याचा नंबर सांगायला जे टाळाटाळ करतात तिथे जाण्यात वेळ घालवू नका.

पहिलं केंद्र बसने तीन तासांवर. झाडं, हिरवळ, पांढऱ्याशुभ्र खोल्या. वहिनीचे डोळे भरून आले, इथे दादा बरा होईल असं तिला वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू. ऑफिसात बसल्यावर मी डॉक्टरांनी लिहून दिलेला प्रश्न विचारला: पहिल्या पाच दिवसांत रात्री दोन वाजता फिट आली तर कोण धावतं? "आमचा माणूस असतो." हा माणूस म्हणजे वॉर्डचा केअरटेकर. नर्स रात्री नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. औषधांचा विषय काढला तर व्यवस्थापक म्हणाले, "आम्ही औषधांच्या विरोधात आहोत, इथे मनाची ताकद वाढवतो." यश किती? "पंच्याण्णव टक्के." ते कसं मोजता, किती महिन्यांनी मोजता, यावर उत्तर आलं नाही. परतीच्या बसमध्ये वहिनी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाग बघून मी फसले असते."

दुसरं ठिकाण म्हणजे एका रुग्णालयातला वॉर्ड. उदास भिंती, औषधांचा वास, खिडकीतून समोरची गच्ची. पण रात्रपाळीच्या नर्सने न विचारता आम्हाला एक तक्ता दाखवला. त्यात दर काही तासांनी थरथर, घाम, मळमळ, अस्वस्थता, भास अशा दहा गोष्टींना गुण देतात आणि त्या बेरजेवर डायझेपाम किंवा लोराझेपामसारख्या औषधाचा डोस ठरवतात. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनने देतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्या शरीरात ते संपत आलेलं असतं आणि त्यामुळे मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तिथे यकृताची तपासणी होते, फिट आली तर डॉक्टर त्याच मजल्यावर असतो. मुक्काम सात ते दहा दिवसांचा. मी विचारलं, "अकराव्या दिवशी काय?" तरुण डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले, "अकराव्या दिवशी आम्ही त्यांना घरी पाठवतो. त्यानंतरचं आमच्याकडे काही नाही."

तिसऱ्या केंद्राबद्दल लिहिताना अजून हात थंड पडतो. त्यांनी फोनवर आधीच सांगितलं होतं, "पत्ता द्या, आमची गाडी येऊन उचलून नेईल, पेशंटला कळवायची गरज नाही." तरीही आम्ही गेलो, कारण ओळखीच्या एकांनी नाव सुचवलं होतं. खालच्या मजल्यावर ऑफिस, सोफा, प्रमाणपत्रं. वरचा मजला दाखवायला नकार. तीन महिने भेट नाही, फोन नाही, पत्रही नाही. वहिनीने जिन्याकडे बघत हळूच मला कोपर मारलं. जिन्याच्या दाराला बाहेरून कडी होती. एक मुलगा पाणी घेऊन आला आणि जमिनीकडे बघतच परत गेला. फॉर्मवर पेशंटच्या सहीची जागाच नव्हती. फक्त "पालक/नातेवाईक".

दहा मिनिटांत आम्ही उठलो. माणसाला फसवून, बांधून, कोंडून ठेवणं हा उपचार नाही. 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या बारा संस्थांनी मिळून सक्तीची कोंडवाडा-केंद्रं बंद करा असं आवाहन केलं होतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या उपचार-मानकांतही रुग्णाची माहितीपूर्वक संमती हा पाया मानला आहे. अगदी जिवावर बेतलेल्या प्रसंगी कायद्याच्या चौकटीत, डॉक्टरांच्या देखरेखीत वेगळा निर्णय घ्यावा लागतो, हे मला मान्य आहे. पण चौदा वर्षांनी "मला ने" म्हणालेल्या माणसाला अशा दाराआड टाकलं असतं तर तो पुन्हा कधी आमच्यावर विश्वास ठेवणार होता? थकलेल्या घरच्यांना अशी जागा सोयीची वाटते, हे मी समजू शकते. मीही थकलेली होते. तरीही हात जोडून सांगते, वरचा मजला न पाहता कुणालाही दाखल करू नका.

चौथं केंद्र लहान. बाहेरून तर एखादी जुनी शाळा वाटावी. समुपदेशक बाईंनी आधी आम्हालाच पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही दोघी शेवटच्या नीट कधी झोपलात?" मग झोपायच्या खोल्या, न्हाणीघर, स्वयंपाकघर, तक्रारपेटी, सगळं दाखवलं. तिथे मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून तीनदा येतात आणि दारूच्या मागे नैराश्य किंवा दुसरा आजार आहे का हे दाखल करतानाच तपासतात. नॅल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही ओढ कमी करणारी औषधं डॉक्टर ठरवतील तशी देतात. 2023 पासून ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, हे मला तिथेच कळलं. डायसल्फिराम, म्हणजे जी घेतल्यावर दारू प्यायली तर जोरदार त्रास होतो ती गोळी, फक्त पेशंटला सगळं सांगून आणि त्याची संमती घेऊनच देतात. वहिनी तेव्हा खाली मान घालून म्हणाली, की कुणीतरी तिला ती गोळी दादाच्या जेवणात मिसळायला दिली होती. बाई रागावल्या नाहीत. "बरं झालं दिली नाहीत. त्याने वर दारू प्यायली असती तर रक्तदाब कोसळून जीवही गेला असता," एवढंच म्हणाल्या.

यशाचं प्रमाण विचारलं तर त्या म्हणाल्या की टक्का सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. व्यसन हा दीर्घकाळचा आजार आहे. उपचारानंतर साधारण चाळीस ते साठ टक्के लोक कधी ना कधी पुन्हा घसरतात, आणि उच्च रक्तदाब किंवा दम्याच्या पेशंटमध्ये उपचार सुटून आजार उलटण्याचं प्रमाणही याच घरातलं आहे. मग पुन्हा प्यायला तर? "तर परत यायचं. आमच्याकडे त्यासाठी दंड नाही आणि रागावणंही नाही. घसरलो हे पहिल्या दिवशीच सांगायला फोन करायचा." केंद्रातला मुक्काम संपल्यावर वर्षभर फॉलोअप, आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्याला. घरच्यांची वेगळी बैठक. शेजारच्या सभागृहात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मीटिंग भरते. 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरत जे सुरू केलं तेच हे. घरच्यांसाठी 1951 पासून अल-ॲनॉन आहे, तिथे वहिनी आता जाते.

मग मी रात्री दोनचा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, "रात्री आमच्याकडे नर्स नाही. तुमच्या दादांना आधी फिट आलेली आहे, मी त्यांना पहिल्या आठवड्यात घेणार नाही. आधी रुग्णालय, मग इथे."

स्वतःहून नाही म्हणणारं हे एकच केंद्र आम्हाला भेटलं, आणि त्या नाहीमुळेच माझा शोध सुटला. आम्ही चार केंद्रांत सगळ्यांत चांगलं कुठलं ते शोधत होतो. खरं तर दोन वेगवेगळी कामं होती. दारू शरीरातून सुखरूप उतरवणं हे आठवड्याचं काम, आणि ते डॉक्टर-नर्सचं. दारूशिवाय जगायला शिकणं हे महिन्यांचं काम, आणि ते समुपदेशक, औषधं, घरचे आणि त्या वाटेने गेलेल्या माणसांचं. एकाच छताखाली दोन्ही नीट होत असतील तर उत्तमच. होत नसतील तर दोन जागा जोडा. केंद्रांची तुलना करताना त्यामुळे "हे चांगलं की ते" असं न विचारता "हे कुठल्या आठवड्यासाठी चांगलं" असं विचारा.

काही गोष्टी चुकतमाकत शिकलो. दोघांनी जावं, एकाने बोलावं आणि दुसऱ्याने फक्त बघावं. कडी मला दिसली नव्हती, वहिनीला दिसली. शक्यतो संध्याकाळी जा, तेव्हा तिथे खरोखर किती माणसं कामावर आहेत ते कळतं. दाखल असलेल्या एखाद्याशी, त्याची हरकत नसेल तर, कर्मचाऱ्यांविना दोन शब्द बोलू देतात का ते पाहा. खर्च लेखी मागा: औषधं, तपासण्या, मधेच सोडलं तर काय परत मिळणार, हे सगळं. "आजच पैसे भरा, उद्या बेड नसेल" असं म्हटलं तर त्या दिवशी भरू नका. स्त्री पेशंट असेल तर राहायची वेगळी सोय आणि रात्री स्त्री कर्मचारी आहे का, हे आधी विचारा. त्याच रात्री टिपणं लिहून काढा. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या भिंती सारख्या वाटायला लागतात.

तुमच्या घरचा प्रश्न दारूचा नसेल तर प्रश्न बदलतात. हेरॉइन किंवा अफूजन्य गोळ्या असतील तर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीत देऊन ओढ आणि त्रास आटोक्यात ठेवणारी औषधं, यांचे उपचार तिथे मिळतात का ते विचारा. काही काळ बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि जुनाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. म्हणून केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे, आणि म्हणून घरी नॅलोक्सोन, म्हणजे अशा जास्त डोसचा परिणाम उलटवणारं औषध, ठेवायला आणि वापरायला शिकवतात का, हे विचाराच. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांची सवय असेल तर त्या दारूसारख्याच एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांच्या हाताखाली हळूहळू कमी करायच्या.

घरी आल्यावर आम्ही दादासमोर दोन्ही ठिकाणांबद्दल होतं तसं सांगितलं. उदास भिंतीसुद्धा. त्याने एकच विचारलं, "तिथून घरी फोन करता येईल?" हो म्हटल्यावर त्याने स्वतः फॉर्म भरला. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण सही त्याची होती.

वॉर्डात तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. वहिनीने बेल दाबली आणि नर्स मिनिटभरात आली. सकाळपर्यंत तो झोपला होता. नवव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला आणि त्याच गाडीने आम्ही थेट चौथ्या केंद्रात गेलो. मधे एक रात्रसुद्धा घरी थांबवलं नाही. त्यासाठी दुसरीकडचा बेड पहिलीकडे दाखल करतानाच ठरवून ठेवावा लागतो, ते विसरू नका. सोबत चालू औषधांची यादी, रुग्णालयाची कागदपत्रं, सैल कपडे, पांघरूण आणि घरच्यांचे नंबर लिहिलेला कागद होता. आज पाचवा आठवडा आहे. रविवारी भेटीला जाताना वहिनी त्याचा वाचायचा चष्मा नेणार आहे, तेवढा आमच्याकडून राहून गेला होता.