‘चर’ पाठवले आणि ‘चर’ खणले : कोश हाताशी घेऊन केलेले वाचन

दृष्टिहीन श्रोत्यांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करण्याचे काम मी हौसेने करते. यंदा माझ्या वाट्याला पेशवाईतील लढायांविषयीचे, सुमारे शंभर वर्षांपूर्वी छापलेले पुस्तक आले. मनातल्या मनात वाचताना ते अवघड नव्हते. मोठ्याने वाचू लागल्यावर मात्र च, ज आणि झ या तीन अक्षरांनी वाट अडवली. मराठीत ही अक्षरे ‘चंद्र’, ‘जल’ यांतल्याप्रमाणे तालव्य आणि ‘चमक’, ‘जखम’ यांतल्याप्रमाणे दंततालव्य अशा दोन प्रकारे उच्चारली जातात, पण छापताना त्यांत भेद करत नाहीत. ओळखीच्या शब्दांत जीभ आपोआप योग्य ठिकाणी जाते. जे शब्द घरात कोणी कधी उच्चारलेच नाहीत, त्यांचे काय करायचे?

यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी संपादित केलेल्या, १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशापासून मी सुरुवात केली. जोडीला मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती ठेवली. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, त्यामुळे जाडजूड खंड उचलण्याचे श्रम वाचतात. मात्र तेथे शब्द जुन्या लेखनपद्धतीने टंकित करावा लागतो : ‘करणे’ नव्हे तर ‘करणें’. ‘नाव’ शोधले तर होडी सापडते. ज्या नावाने आपल्याला हाक मारतात ते ‘नांव’ या नोंदीत असते. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, आणि लिहिणाऱ्यांची सोय झाली हे खरेच. परंतु ‘नाम’मधल्या म-काराची ती शेवटची खूण होती, हे कोशात पाहिल्यावर त्या टिंबाविषयी मला थोडा जिव्हाळा वाटू लागला.

उच्चाराच्या बाबतीत मला खरी मदत झाली ती अर्थांपेक्षा व्युत्पत्तीची. दाते-कर्वे ती नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात देतात, तर मोल्सवर्थ संस्कृत, फारसी, अरबी यांसाठी रोमन आद्याक्षरे वापरतो. ढोबळ नियम असा की, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द तालव्य राहतो, आणि तद्भव, देशी किंवा फारसी-अरबी शब्द अ, आ, उ, ओ या स्वरांपूर्वी बहुधा दंततालव्य होतो. इ, ई, ए किंवा य पुढे आला की मूळ कोणतेही असो, उच्चार सहसा तालव्यच. म्हणून ‘जुलूम’ आणि ‘जिल्हा’ हे दोन्ही शब्द अरबीतून आलेले असूनही त्यांतले ज वेगळे ऐकू येतात.

पुस्तकात एका ठिकाणी शत्रूच्या गोटात ‘चर’ पाठवले होते आणि पुढे किल्ल्याभोवती ‘चर’ खणले होते. पहिला, म्हणजे हेर, संस्कृत असल्याने तालव्य. दुसरा, म्हणजे खंदक, दंततालव्य. त्याहून नाजूक प्रकरण ‘जाया’ या शब्दाचे. एका लढाईत कित्येक माणसे ‘जाया झाली’ असे वाक्य होते. संस्कृत ‘जाया’ म्हणजे पत्नी, पण वाक्यातला शब्द वाया जाणे, कामी येणे अशा अर्थाचा आणि अरबी मुळाचा. तो तालव्य ज-काराने वाचला असता, तर जाणत्या श्रोत्याला रणांगणावर भलताच विवाहसोहळा दिसला असता! असे शब्द आले की मी छापील प्रतीवर पेन्सिलने दंततालव्य अक्षराखाली टिंब देत गेले आणि मगच ध्वनिमुद्रणाला बसले.

अर्थात नियम सर्वत्र चालत नाही. ‘चार’ हा आकडा ‘चत्वारि’पासून आलेला तद्भव शब्द, तरी तो तालव्य, चाऱ्यातला च मात्र दंततालव्य. चहा आणि पोर्तुगीजांकडून आलेली चावी याही संस्कृत नसून तालव्यच. हे शब्द रोजच्या बोलण्यातले असल्यामुळे अडचण आली नाही, पण अपरिचित शब्दांमध्येही असे अपवाद असणार, ही शंका मनात राहिलीच. म्हणून जिथे व्युत्पत्ती संदिग्ध होती, तिथे मी कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्ती कोश उघडला, आणि तरीही निर्णय होईना तेव्हा बखरींचे वाचन असलेल्या एका वृद्ध शिक्षकांना दूरध्वनी केला. त्यांनी माझी बरीचशी टिंबे कायम ठेवली. दोन-तीन ठिकाणची मात्र खोडायला लावली, आणि कारण विचारल्यावर, “आमच्याकडे असेच म्हणतात,” एवढेच सांगितले.