एकेका कानाला बरोबर, दोन्ही कानांना चूक

एक ताई तोच हेडफोन घेऊन माझ्याकडे तिसऱ्यांदा दुरुस्तीला आल्या तेव्हा मीच म्हटलं, ताई, वायरच काढून टाकू का. त्यांचं काम दिवसभर रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं, आणि खुर्चीचं चाक नेमकं वायरवरून जायचं, दर वेळी वरचं रबर धड आणि आतली तार तुटलेली. नवीन वायरलेस घ्या असं सांगून मोकळं होता आलं असतं, पण त्या म्हणाल्या दादा, आठ तास घालून कान न दुखणारा हा एकच मिळालाय. मग ठरलं, ह्यालाच ब्लूटूथ करायचा.

उघडून बघितला तर मांडणी चांगली होती. वायर डाव्या कपात शिरते, तिथून हेडबँडमधून दोन बारीक तारा उजव्या ड्रायव्हरकडे जातात (ड्रायव्हर म्हणजे कपातला छोटा स्पीकर, त्याचा पडदा हलला की आवाज येतो). मल्टिमीटर लावून रोध मोजला, दोन्ही ड्रायव्हर ३२ ओहमच्या आसपास, म्हणजे छोट्या ब्लूटूथ बोर्डाला सहज झेपणारे (२५०-३०० ओहमवाले स्टुडिओचे हेडफोन असते तर मी नाहीच म्हटलं असतं, अशा बोर्डावर त्यांचा आवाज दबकाच राहतो).

बोर्डावर आउटपुटचे चार पॅड, म्हणजे तारा जोडायच्या जागा, होत्या: डावा प्लस-मायनस आणि उजवा प्लस-मायनस. पहिल्यांदा हे काम करणारे बरेच जण इथे फसतात. साध्या जॅकला तीनच वायरी असतात, डावा, उजवा आणि दोघांचा मिळून एक ग्राउंड, त्यामुळे वाटतं की दोन्ही मायनस एकत्र जोडले तरी चालेल. पण ह्या बोर्डातला मायनस म्हणजे ग्राउंड नाहीच, तिथूनही सिग्नलच येतो, फक्त उलटा. दोन्ही मायनस जोडले की दोन अँप्लिफायर एकमेकांशी भांडतात, आवाज फाटतो, चिप तापते, कधी जळतेसुद्धा. म्हणून मी डाव्या कपातला तो समाईक जोड सोडवला आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या दोन-दोन तारा वेगळ्या काढल्या. हेडबँडमधल्या तारांवर इनॅमलचा, म्हणजे वार्निशसारखा, थर होता, सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला थोडं सोल्डर घेऊन त्यात तार बुडवून ठेवली की तो थर जळून जातो आणि तार चकचकीत होते, ब्लेडने खरवडायला गेलं की तुटतेच.

बॅटरी ४०० एमएएचची. चार्जिंगला टीपी४०५६ ह्या चार्जिंग चिपचं तयार मॉड्युल लावलं पण जसंच्या तसं नाही, ते येतं १ अँपिअरवर सेट होऊन आणि एवढ्या लहान बॅटरीला ते फार होतं. त्यावरचा १२०० ओहमचा रेझिस्टर काढून ५ किलोओहमचा टाकला, करंट २५० मिलिअँपिअरच्या आसपास आला. कानाला लागून बॅटरी असणार आहे, इथे मी चालढकल करत नाही. अँटेनाचं टोक बॅटरीपासून लांब ठेवलं, कापलेल्या वायरीचं भोक बुजवलं कारण कपात फट राहिली की बेस पातळ होतो, आणि बंद करून टाकलं.

टेस्ट केलं, डावा कप कानाला लावला, मस्त. उजवा लावला, मस्त.

संध्याकाळी त्या आल्या, हेडफोन घातला, स्वतःच्या फोनवरचं एक रेकॉर्डिंग लावलं आणि अर्ध्या मिनिटात म्हणाल्या, बोलणारा माणूस मध्ये नाहीये. मला आधी वाटलं नवीन आहे, सवय होईल, पण त्या ठाम होत्या, म्हणाल्या आवाज दोन्हीकडे ओढल्यासारखा वाटतोय, पोकळ, असं दिवसभर ऐकलं तर डोकं धरेल. मग मी घातला, नीट, दोन्ही कानांवर. खरंच की. साध्या मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज देणाऱ्या, रेकॉर्डिंगमध्ये बोलणाऱ्याचा आवाज डोक्याच्या मधोमध ऐकू यायला हवा, इथे मधे काहीच नव्हतं. एक कप उचलला की एकदम व्यवस्थित, दोन्ही लावले की गडबड.

तेव्हा कळलं की उजव्याच्या तारा उलट्या लागल्यात. हेडबँडमधल्या दोन्ही तारांचा रंग एकच होता आणि जोड सोडवताना कुठली कुठली ह्याची खूण मी केली नव्हती. डावा पडदा बाहेर येतो तेव्हा उजवा आत जातो, एका कानाला त्याचा पत्ताच लागत नाही आणि मी तर एकेका कानानेच तपासलं होतं. खात्री करायला दोन्ही ड्रायव्हरच्या तारा बोर्डापासून सोडवल्या, मग त्यांना पाळीपाळीने १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला, प्लसची समजलेली तार प्लसला, आणि पडदा कुठे हलतो ते भिंगातून बघितलं. डावा बाहेर, उजवा आत. उजव्याच्या तारांची अदलाबदल केली, दहा मिनिटांचं काम.

त्यांनी परत घातला, तेच रेकॉर्डिंग लावलं, डोळे मिटले आणि दोन भुवयांच्या मध्ये बोट ठेवून म्हणाल्या, हां, आता इथे आला. इतकी वर्षं हे काम करतोय पण आवाज कुठे आहे हे इतकं नेमकं दाखवणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलं. व्हिडिओ बघताना ओठ आणि आवाज जरा मागेपुढे वाटतील, ब्लूटूथला तेवढा उशीर लागतो, हे मी सांगितलं तर त्या म्हणाल्या मला ओठ बघायचेच नसतात.

आता कुठलाही हेडफोन आला की जोड सोडवायच्या आधी प्लसच्या तारेला नेलपॉलिशचा ठिपका लावतो, आणि शेवटी दोन्ही कानांवर घालून एक मोनो रेकॉर्डिंग पूर्ण ऐकतो.