तुम्ही विचारलंत म्हणून: नील यंगचा ‘ट्रान्स’च का?

कॅनडाचा रॉक गायक नील यंग याचा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, ‘हार्वेस्ट’सारखा अल्बम सोडून तुम्ही सारखं ‘ट्रान्स’चं काय घेऊन बसता, त्यात तर त्याचा आवाजही धड ओळखू येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो.

आवाज ओळखू येत नाही हे खरंय, आणि मला तो अल्बम त्याचसाठी आवडतो. 1978 साली त्याला मुलगा झाला, बेन. त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही, आणि बोलता येत नाही. ऐंशीच्या सुरुवातीला नील आणि त्याची बायको पेगी घरीच त्याची थेरपी करत होते, रोज तासन् तास तेच तेच व्यायाम, आणि पोराला काय सांगायचंय ते कळायला मार्गच नाही. त्याच सुमारास नीलच्या हाती व्होकोडर हे यंत्र आलं. त्यात होतं काय की तुम्ही माइकमध्ये गाता पण बाहेर येतो तो सिंथेसायझरचा सूर, शब्दांचे आकार तेवढे तुमचे राहतात. आत कोणीतरी जीव तोडून बोलतंय आणि आपल्यापर्यंत अर्धंच पोचतंय, असं वाटत राहतं.

‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ बेनसाठीच आहे. बटण दाबून सगळं चालवणारा मुलगा आहे त्यात, आणि नीलचा मूळचाच पातळ, उंच आवाज इथे इतका वर जातो की लहान मूल गातंय असं वाटतं. 1993च्या ‘अनप्लग्ड’ या एमटीव्हीच्या साध्या, अकूस्टिक वाद्यांवरच्या कार्यक्रमात नीलने हेच गाणं व्होकोडरशिवाय गायलं, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की हे किती हळवं गाणं आहे. मला मात्र अजूनही जुनंच जास्त लागतं, कारण तिथे ते हळवेपण मशीनच्या आडून यायला धडपडतं.

अल्बम एकसंध नाही, ते मान्य. ‘लिटल थिंग कॉल्ड लव्ह’सारखी तीन गाणी हवाईत रेकॉर्ड केलेल्या आणि बाजूला पडलेल्या वेगळ्याच अल्बममधली आहेत, ती इथे उगाच आल्यासारखी वाटतात. 1982च्या शेवटी ‘ट्रान्स’ आला तेव्हा लोक गोंधळले, आणि पुढच्या वर्षी त्याने रॉकाबिलीचा, म्हणजे 1950च्या दशकातल्या जुन्या रॉक अँड रोलच्या ढंगाचा अल्बम दिल्यावर तर त्याच्या गेफेन या रेकॉर्ड कंपनीने त्याच्यावर 33 लाख डॉलरचा दावाच ठोकला, की हा नील यंगसारखं म्युझिक देत नाही म्हणून! पोरासाठी इतका जीव ओतून केलेलं काम, आणि म्हणे तुझ्यासारखं नाही. याचा मला आजही राग येतो.

1986 मध्ये पेगीने पुढाकार घेऊन कॅलिफोर्नियात ब्रिज स्कूल सुरू केली, बोलता न येणाऱ्या मुलांना मशीनच्या मदतीने आपलं म्हणणं मांडता यावं म्हणून. या शाळेसाठी नील वर्षानुवर्षं कॉन्सर्ट करत राहिला. त्यामुळे ‘ट्रान्स’ म्हणजे त्याचं मधलंच काहीतरी खूळ होतं, हे मला पटत नाही. ऐकणार असाल तर चौथ्या गाण्यापासून सुरू करा, आणि हेडफोन लावून.