आधी अंतर मोजा, मग फोटो शेजारी ठेवा

नाकाच्या किंवा दुभंगलेल्या ओठाच्या शस्त्रक्रियेआधीचा फोटो जुन्या स्लाईडवर (पारदर्शक फिल्मवर) आणि नंतरचा डिजिटलवर असेल, तर तुलनेआधी एवढंच विचारा: कॅमेरा चेहऱ्यापासून किती लांब होता? रंग आणि बारकावे नंतर बघू.

फिल्मच्या काळात पद्धत ठरलेली होती. ३५ मिमीचा कॅमेरा, १०५ मिमीची मॅक्रो (जवळून टिपणारी) लेन्स, लेन्सवरचं प्रमाण १:१०, म्हणजे फिल्मवर चेहरा दहापट लहान. चौकटीत २४ बाय ३६ सेंमी मावतं, म्हणजे पूर्ण चेहरा, आणि फिल्मपासूनचं अंतर येतं साधारण १२७ सेंमी. लेन्सच्या फोकस रिंगला हात न लावता स्वतः पुढेमागे होऊन फोकस साधायचा.

तीच लेन्स लहान सेन्सरच्या (फिल्मच्या जागी प्रतिमा टिपणारा भाग, साधारण २४ बाय १६ मिमी) डिजिटल कॅमेऱ्याला लावली की १:१० वर कान बाहेर जातात. मग फोटो काढणारा मागे सरकतो, थेट १८० सेंमीपर्यंत. घोटाळा इथे होतो. लांबून नाक चेहऱ्याच्या मानाने लहान दिसतं आणि शस्त्रक्रियेने न झालेली सुधारणा फोटोत झालेली दिसते. मोबाइल हातभर अंतरावर धरला तर उलट: नाक फुगतं, कान मागे जातात, शिवाय त्वचा आपोआप गुळगुळीत होऊन व्रणच पुसट होतो. त्यापेक्षा ६० मिमीची लेन्स घ्या, १२७ सेंमीवर फरशीवर रंगाने खूण करा आणि कडेची जास्तीची जागा नंतर कापा. अंतर तेच राहिलं की चेहऱ्याची ठेवणही तीच राहते.

मान प्रत्येक वेळी सारखी हवी: कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत. हनुवटी जराशी वर गेली तरी जबड्याची रेषा उगाच सुधारलेली वाटते.

प्रकाशासाठी दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर एकेक फ्लॅश, लेन्सचं छिद्र एफ ११, शटर १/१२५ सेकंद, संवेदनशीलता आयएसओ १००. स्लाईड फिल्म उजेडाच्या मापातली अर्ध्या स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) चूकही पोटात घालत नाही आणि ट्यूबलाइटखाली हिरवट पडते. डिजिटलमध्ये धोका ऑटो व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे कॅमेऱ्याने रंग आपोआप जुळवण्याचा. मागचा पडदा किंवा रुग्णाचा शर्ट बदलला की व्रणाचा लालपणाही बदलतो. पहिल्या फ्रेममध्ये राखाडी कार्ड घ्या, बॅलन्स हाताने ठरवा, खिडकी बंद ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात ढगाबरोबर उजेड मिनिटामिनिटाला बदलतो. घामाने चेहरा चमकत असेल तर कोरड्या फडक्याने टिपून घ्या, नाहीतर त्या चमकेत व्रणाची कड हरवते.

कोकणातला दमटपणा फिल्मला सोसत नाही. बुरशी स्लाईडवरचं जिलेटिन खाते, लेन्सच्या काचेवरही जाळं धरते. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेल ओलसर झालं की तापवून वाळवा. फ्रीजमधला रोल बाहेर काढल्यावर तासभर डबी उघडू नका, आत दव धरतं. कोडॅकने कोडाक्रोम ही स्लाईड फिल्म २००९ मध्येच बंद केली, आणि खराब झालेली जुनी स्लाईड पुन्हा मिळणार नाही. मॅक्रो लेन्सने, पूर्ण स्लाईड चौकटीत मावेल अशा (लहान सेन्सरवर साधारण १:१.५), त्यांच्या डिजिटल प्रती आत्ताच काढून घ्या. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घुसलं, तसं कधी झालं तर तळमजल्यावरच्या कपाटातली स्लाईड जाते. डिजिटलची दुसरी प्रत दुसऱ्या गावात ठेवता येते, म्हणून माझं मत डिजिटलच्या बाजूने आहे.

फिल्मचा एक गुण मात्र मोठा आहे: मूळ स्लाईडमध्ये फेरफार लपत नाही. म्हणून डिजिटलमध्ये रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) हात न लावता जपा, कापलेली प्रत वेगळी ठेवा, आणि लेखी संमतीच्या कागदावर फोटो कुठे वापरणार ते स्पष्ट लिहा.