धडधड कागदावर आली तेव्हा

सात वर्षं मी एकच वाक्य ऐकलं, "टेन्शन घेऊ नका." वर्गात फळ्यावर लिहिताना, कणीक मळताना, एकदम बटण दाबल्यासारखी धडधड सुरू व्हायची. मानेतली शीर अशी उडायची की समोरच्यालाही दिसावी. पंधरा-वीस मिनिटांत तशीच खटकन थांबायची. दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल! मग चिंतेच्या गोळ्या. त्या मी दोन वर्षं घेतल्या, याचा राग अजून जात नाही.

मे महिन्यात भरदुपारी नागपुरात बर्डीवर वहिनीसोबत असताना सुरू झाली ती थांबेचना. वहिनीने ऑटोत बसवून थेट धंतोलीतला दवाखाना गाठला. तिथे पहिल्यांदा ती कागदावर आली, मिनिटाला १९० ठोके. शिरेतून अ‍ॅडेनोसिन हे औषध दिलं. काही सेकंद जीव खोल विहिरीत गेल्यासारखं झालं आणि ठोके ताळ्यावर आले. तुम्हालाही असं होत असेल तर थांबायची वाट बघत बसू नका, धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा.

निदान एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातल्या विजेच्या गडबडीने अचानक सुरू होणारी वेगवान धडधड. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून वीज खाली उतरते तिथे एकाऐवजी दोन वाटा असाव्यात आणि करंट त्यांतच गोल फिरत असावा, असं डॉक्टर म्हणाले.

अ‍ॅब्लेशनला म्हणजे ती जादा वाट भाजून बंद करायच्या प्रक्रियेला जांघेपुरती भूल होती. शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेल्या. त्यांतून डॉक्टर मुद्दाम जादा ठोके देत होते. अचानक मान उडायला लागली.

"मॅडम, हीच का?"

"हीच! हीच!" मला रडूच आलं. खोलीतले सगळे स्क्रीनवर तीच बघत होते.

मग मॅपिंग. वीज कुठे किती मिलिसेकंदांनी पोचते हे मोजत नको असलेली वाट शोधली आणि तेवढीच भाजली. छातीत थोडी ऊब जाणवली. मुख्य वाट अगदी खेटून असते. तिला धक्का लागला तर पेसमेकर बसवावा लागतो, हे सही घेतानाच सांगितलं होतं. त्यामुळे "हलू नका" म्हटल्यावर मी श्वासही जपून घेत होते. नंतर त्यांनी धडधड पुन्हा सुरू करायचा बराच वेळ प्रयत्न केला. झाली नाही.

सहा तास पाय सरळ ठेवून पडायचं होतं. वहिनीने चमच्याने वरणभात भरवला.

पहिले काही आठवडे अधूनमधून एखादा ठोका चुकायचा आणि पोटात गोळा यायचा. तेही हळूहळू थांबलं. ईसीजीचा कागद फिका पडतो, म्हणून त्या १९० ठोक्यांची झेरॉक्स काढून फाइलमध्ये सगळ्यात वर लावली आहे.